कमी खर्चात टर्नटेबलसाठी कार्ट्रिज निवडताना
बजेट मर्यादित असेल, तर मूव्हिंग मॅग्नेट (चुंबक हलून सिग्नल तयार होणाऱ्या) प्रकारचीच कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग, घ्यावी. मूव्हिंग कॉइल (तारेचे वेटोळे हलणाऱ्या) प्रकाराचा सिग्नल बहुधा इतका क्षीण असतो की वेगळ्या प्रीअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाचा) खर्च अंगावर पडतो. सुई बदलता येते का, हे आधी पाहावे. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई या कार्ट्रिजला लंबवर्तुळाकार टोकाची सुई असते आणि पुढे ऐपत वाढली की त्याच बॉडीवर अधिक बारीक घडणीची मायक्रोलिनिअर सुई बसवता येते, म्हणून माझी पसंती तिलाच आहे. टोनआर्मवर (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर) तिच्या सुईचा भार २ ग्रॅम ठेवावा. भार कमी केल्याने तबकडी जपली जाते हा समज खोटा आहे, कारण खाचेत उडणारी सुईच तिच्या भिंती खरवडते. घरात नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, तर त्यांच्या रुंद खाचांसाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई घ्यावीच लागते.