क्रोनो २८५ दाखवतो, गोळा ३०० ने जातो : मार्करचा वेग मोजताना या चुका टाळा

पेंटबॉल म्हणजे एकमेकांवर रंगाचे गोळे मारण्याचा खेळ. त्याच्या बहुतेक मैदानांवर मार्करची, म्हणजे गोळे मारणाऱ्या बंदुकीची, वेगमर्यादा ३०० एफपीएस असते, म्हणजे सेकंदाला ३०० फूट, साधारण ९१ मीटर. बंदिस्त जागेत त्याहून कमी. क्रोनोग्राफने (क्रोनोने), म्हणजे गोळ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, वेग प्रत्यक्षाहून जास्त दाखवला, तर फार तर तुमचे गोळे आखूड पडतील. कमी दाखवला, तर समोरच्याला लागेल. आणि गोची अशी की मोजणाऱ्याच्या बहुतेक चुका कमी आकड्याकडेच झुकतात.

रडार तिरका धरणे. ही चूक सर्रास दिसते. रडारवाला क्रोनो गोळ्यावरून परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक मोजतो, पण त्याला फक्त आपल्या दिशेने येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेगच कळतो. बॅरल (मार्करची नळी) आणि रडार यांच्यात १० अंशांचा कोन पडला, की ३०० चे २९५ होतात. १८ अंशांना २८५. कोनामुळे आकडा कधीच वाढत नाही, म्हणून दोन रिडिंगमध्ये फरक आला तर मोठे खरे धरा. शेजारी दुसरा खेळाडू मारत असेल, तर त्याचा गोळाही तुमच्या खात्यावर लागू शकतो.

दशांशावर विश्वास ठेवणे. प्रकाशकिरणांच्या क्रोनोत दोन सेन्सर असतात आणि गोळ्याला एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागलेल्या वेळेवरून वेग निघतो. सेन्सरमधले अंतर ५ सेंटीमीटर असेल, तर हा वेळ सुमारे ५४७ मायक्रोसेकंद. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तर फरक अर्ध्या एफपीएसचा. पण सेन्सर अर्धा मिलिमीटर सरकलेला असेल, तर सरळ ३ एफपीएस! तेव्हा स्क्रीनवरचे २८७.४ हे दशांशापर्यंत खरे मानायचे कारण नाही. कडक उन्हात इन्फ्रारेड सेन्सर गोंधळतात, सावली करा. सीओटूची (मार्करच्या टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडची) वाफ किंवा फुटलेल्या गोळ्याचे कवच किरण आधीच तोडते, मग आकडा भरकटतो. बॅरल पुसूनच मोजा.

लांबून मोजणे. हलका, गोल गोळा हवेत झपाट्याने मंदावतो. पहिल्या मीटरभरातच साधारण ७ एफपीएस जातात. मोबाइलमधली काही अ‍ॅप्स बार आणि लक्ष्यावरचा आदळ, या दोन आवाजांमधला वेळ मोजतात. १० मीटरवर ती सरासरी वेग देतात, बॅरलच्या तोंडाचा नव्हे. तो १० टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. गंमत म्हणून ठीक, मर्यादा ठरवायला नको.

एकाच गोळीवर समाधान मानणे. मार्कर बराच वेळ पडून राहिला असेल, तर ओ-रिंग (आतली रबरी कडी) चिकटते आणि पहिला गोळा मंद जातो. वेगाचा स्क्रू फिरवल्यावर जुना दाब आतच राहतो, म्हणून दोन-तीन गोळे सोडून मगच वाचा. किमान पाच रिडिंग घ्या आणि सरासरी नाही, सर्वांत मोठा आकडा धरा. सीओटू वापरत असाल, तर सकाळी गार टाकीवर लावलेला वेग दुपारच्या उन्हात चढतो. जेवणानंतर पुन्हा मोजा. पावसाळ्यात उघड्या पिशवीतले जिलेटिनचे गोळे ओलावा धरून फुगतात, त्यांचे रिडिंग मागे-पुढे होते. हा दोष क्रोनोचा नाही.

एका सेकंदात किती गोळे सुटतात, हे मोजणारी माइकवाली यंत्रे वेगळी. बंद हॉलमध्ये ती प्रतिध्वनीही मोजून बसतात.

मर्यादा ३०० असेल तर मार्कर २८० ते २८५ वर लावा, मैदानावरच्या क्रोनोवरच तपासा, आणि दोन रिडिंगच्या मध्ये बॅरलवर कव्हर ठेवा. मास्क? मोजताना तर काढूच नका.