डोपामाइन मोजताय? या चुका टाळा

‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे डोक्यात घेऊनच नवी मुलं प्रयोगशाळेत येतात आणि प्रत्येक आलेख त्याच चष्म्यातून वाचतात. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी ज्या उंदरांचं डोपामाइन जवळजवळ संपवलं होतं, तेही जिभेवर साखर पडली की पूर्वीसारखेच ओठ चाटत. ती मिळवायला मात्र जागचे हलत नसत. ओढ वेगळी, गोडी वेगळी.

बक्षीस दिलं आणि मेंदूतलं डोपामाइन टिपणाऱ्या सेन्सरचा सिग्नल सपाट आला, की ‘सेन्सर गेला’ म्हणत प्राणी बाद करू नका. शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांच्या १९९७च्या लेखात हेच आहे. अनपेक्षित रस मिळाला की माकडाच्या डोपामाइन पेशी उसळतात. दिव्यानंतर रस येतो हे कळलं, की त्या दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. ठरल्या वेळी रस चुकला तर गप्प होतात. म्हणजे सपाट रेष आली, तर प्राणी शिकलाही असेल. मी अशा वेळी कुठलीही खूण न देता मध्येच एक जास्तीचा थेंब सोडते. उसळी आली की सेन्सर ठीक.

धोक्याच्या प्रयोगात मात्र आम्हीच फसलो. माझ्या विद्यार्थ्याने उंदराच्या तोंडावर हवेचा झोत सोडला. नकोशी गोष्ट, सिग्नल खाली जायला हवा. आली ती टोकदार उसळी. ‘धोक्यालाही डोपामाइन वाढतं!’ दोन दिवसांत आकृत्या तयार. मी पेटीला कान लावून बसले, तर प्रत्येक झोताच्या आधी व्हॉल्व्हची ‘टक्’ ऐकू येत होती. हवेची नळी काढली. हवा नाही, नुसती टक्. उसळी तशीच! अचानक आलेल्या ठसठशीत आवाजाला या पेशी क्षणभर उसळतात. गोष्ट चांगली की वाईट, हे त्यानंतर उमटतं. झोताची खरी खूण होती उसळीमागची घसरण, आणि ती नळी काढल्यावर नाहीशी झाली. विद्यार्थ्याने घाईत आलेख झोतानंतर अर्ध्या सेकंदावरच कापला होता, म्हणून ती दिसलीच नव्हती.

तेव्हापासून नळी काढलेला एक दिवस आधी होतो, मगच धोक्याचे ट्रायल. ‘ते नंतर करू’ म्हणणाऱ्याचं ते कधीच होत नाही, हे मी पुरेसं पाहिलंय.

याचा अर्थ धोक्याची प्रत्येक उसळी खोटी, असाही नाही. मात्सुमोतो आणि हिकोसाका यांना २००९ मध्ये माकडांत झोताच्या खुणेलाही उसळणाऱ्या डोपामाइन पेशी सापडल्या. उंदराच्या मेंदूत खोल असलेल्या स्ट्रायटमच्या शेपटाकडच्या भागात धोक्याला डोपामाइन वाढतं. म्हणून मेंदूचे काप घेऊन फायबरचं, म्हणजे सेन्सरचा प्रकाश टिपणाऱ्या बारीक तंतूचं, टोक नेमकं कुठे होतं ते पाहिल्याशिवाय मी कुणाचाही निष्कर्ष ऐकून घेत नाही.

आणि मायक्रोडायलिसिसमध्ये, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून द्रवाचे नमुने घेण्याच्या पद्धतीत, एक नमुना गोळा व्हायलाच काही मिनिटं जातात. त्याला सेकंदाचे प्रश्न विचारू नका.