दुखापतीनंतर मैदानात परतताना चाचणीचे आकडे वाचण्यातले घोळ: या चुका टाळा

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका महत्त्वाच्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया होऊन सात महिने झालेत. खेळाडू फोर्स प्लेटवर (पायांनी जमिनीवर दिलेला जोर मोजणाऱ्या पाटावर) उभा राहतो, दोन्ही पायांनी उडी मारतो आणि उंची दुखापतीआधी होती तेवढीच भरते. स्क्रीनवर हिरवी खूण येते. प्रशिक्षक खूश, घरचे खूश, पुढच्या आठवड्यात सामना खेळायचं ठरतं. याच उडीचा आलेख उघडून पाहिला तर मात्र अनेकदा दिसतं, की उडीआधी खाली बसताना आणि परत जमिनीवर उतरताना बराचसा भार चांगल्या पायाने उचलला होता. उंची परत आली, पण दुसऱ्या पायाच्या जिवावर.

फोर्स प्लेट, आयसोकायनेटिक मशीन (सांधा ठरावीक वेगाने हलवून स्नायूची ताकद मोजणारं यंत्र), हातात धरायचा डायनॅमोमीटर (ताकद मोजणारं छोटं यंत्र), जीपीएस, उडी मोजणारं मोबाइल ॲप ही साधनं आता फक्त मोठ्या संघांकडे असतात असं राहिलेलं नाही. यंत्र बिघडल्यामुळे होणारे घोळ तसे कमीच. आकडा कशाशी ताडून पाहिला आणि तो वाचल्यावर पुढे काय केलं, इथे बहुतेक गाडी घसरते. खाली गुडघ्याची उदाहरणं जास्त आहेत, कारण एसीएलवर अभ्यास भरपूर झालाय. पण घोटा, मांडी, जांघ यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

फक्त उडीची उंची पाहणं

उंची हा उडीचा शेवटचा निकाल. शरीर तो अनेक वाटांनी गाठू शकतं, आणि दुखापत झालेलं शरीर पळवाट शोधण्यात फार हुशार असतं. डावा-उजवा पाय वेगळा मोजणारी प्लेट असेल तर तीन टप्पे स्वतंत्र पाहा: खाली जाताना वेग थांबवण्याचा टप्पा, वर ढकलण्याचा टप्पा आणि उतरण्याचा टप्पा. वर ढकलताना दोन्ही पाय बऱ्यापैकी सारखे दिसू लागले, तरी थांबवताना आणि उतरताना जखमी पाय बरेच महिने मागे राहू शकतो. खेळात गुडघ्याचा कस लागतो तो नेमका थांबताना, वळताना आणि उतरताना. दोन्ही पायांच्या उडीसोबत एका पायाची उडीही घ्या. तिथे भार ढकलायला दुसरा पायच नसतो.

चांगल्या पायाला प्रमाण मानणं

ही चूक मला सगळ्यांत महागाची वाटते, कारण ती अहवालात अगदी शास्त्रीय दिसते. जखमी पायाच्या आकड्याला चांगल्या पायाच्या आकड्याने भागायचं, शंभराने गुणायचं आणि ९० टक्क्यांच्या वर आलं की पास. हिशेब सोपा आहे. अडचण एवढीच, की त्या काळात चांगला पायसुद्धा आराम करत असतो.

समजा, दुखापतीआधी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत २०० न्यूटन-मीटर होती. सहा महिन्यांनी जखमी पाय १६२ वर आहे आणि चांगला पाय घसरून १७५ वर आलाय. अहवालात येतात जवळपास ९३ टक्के. जुन्या २०० शी ताडलं तर तोच पाय ८१ टक्क्यांवर आहे. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ७० जणांना तपासलं. चांगल्या पायाशी तुलना केली तेव्हा ४० जण ताकद आणि लंगडी उड्या या सगळ्या चाचण्यांत ९० टक्क्यांवर पोचले. शस्त्रक्रियेआधी चांगल्या पायाचे जे आकडे घेतले होते, ते प्रमाण धरले तेव्हा उरले फक्त २०.

मग तुलना कशाशी करायची? हंगाम सुरू होण्याआधी घेतलेली मोजणी हाताशी असेल तर तिच्याइतकं चांगलं काही नाही. ती नसेल तर दुखापत झाल्यावर, शस्त्रक्रियेच्या आधी, चांगल्या पायाची मोजणी उरकून घ्या. तोवर तो फारसा घसरलेला नसतो. तेही राहून गेलं असेल तर शरीराच्या वजनाशी ताडा. सेकंदाला ६० अंश या वेगाने मोजताना मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी दर किलोमागे साधारण ३ न्यूटन-मीटर हे ढोबळ लक्ष्य बरेच जण धरतात. म्हणजे ७० किलोच्या खेळाडूसाठी २१० च्या आसपास. वय, लिंग आणि खेळ पाहून ते कमी-जास्त करावं लागतंच.

आणि ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला तुकडा, कुठून घेतला ते विसरू नका. हॅमस्ट्रिंगमधून घेतला असेल तर मांडीच्या मागच्या बाजूची ताकद, विशेषतः गुडघा जास्त वाकवलेल्या स्थितीत, वेगळी मोजायला हवी. वाटीखालच्या टेंडनमधून घेतला असेल तर पुढच्या स्नायूवर नजर ठेवा.

लांब उडी गेली म्हणजे गुडघा तयार

एका पायावर पुढे उडी मारून अंतर मोजायचं, ही बिनखर्चाची चाचणी सगळीकडे चालते. पण पुढे झेपावताना काम प्रामुख्याने खुबा आणि घोटा करतात. निरोगी खेळाडूंवरच्या मोजमापात या झेपेत गुडघ्याचा वाटा जेमतेम १३ टक्क्यांच्या आसपास निघाला. सरळ वर मारलेल्या उडीत तो साधारण एक तृतीयांश होता. त्यामुळे अंतर सारखं भरलं तरी गुडघ्याबद्दल फार थोडं कळतं. टेपवरचा आकडा लिहितानाच बाजूने व्हिडिओ काढा आणि उतरताना गुडघा किती वाकतो ते पाहा. ताठ पायाने उतरून नितंबावर आणि कमरेवर भार घेणारे खेळाडू अंतरात पास होतात. जोडीला एका पायाची उभी उडी मोजा.

आकडा विचित्र आला तर आधी हे तपासा

फोर्स प्लेट मऊ मॅटवर किंवा गालिच्यावर ठेवली असेल तर ती कडक, सपाट जमिनीवर आणा. कोणी उभं नसताना शून्य करा. उडीआधी खेळाडूने किमान एक सेकंद पुतळ्यासारखं स्थिर उभं राहायला हवं, कारण सॉफ्टवेअर त्या क्षणातून वजन काढतं आणि पुढचा वेग आणि उंची त्याच वजनावर उभी असते. तेव्हा तो डुलत असेल तर सगळंच चुकतं. हात कमरेवर ठेवायचे की मोकळे सोडायचे ते एकदा ठरवा आणि प्रत्येक वेळी तसंच करा. दोन प्लेट असतील तर डावी-उजवी अदलाबदल झालेली नाही ना, हे एका पायावर उभं राहून बघा. हसू येईल, पण हा घोळ होतो, आणि मग जखमी पायच वरचढ दिसतो.

हवेत असलेल्या वेळेवरून उंची काढणारी मॅट किंवा ॲप वापरत असाल तर उतरताना गुडघे मुडपले जात नाहीत ना, ते पाहा. सूत्रात वेळेचा वर्ग होतो, म्हणून छोटी चूक मोठी होते: ०.५० सेकंदाला उंची येते साधारण ३१ सेंटिमीटर, ०.५५ सेकंदाला ३७. पाय मुडपून सेकंदाचा विसावा भाग चोरला, की सहा सेंटिमीटर फुकटात मिळाले. मोबाइलचं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असेल तर एकेका फ्रेममध्ये ०.०३३ सेकंद जातात. २४० फ्रेमचा पर्याय निवडा.

हातातल्या डायनॅमोमीटरची वेगळीच कथा. खेळाडू धडधाकट आणि तपासणारा किरकोळ असेल तर यंत्र तपासणाऱ्याचीच ताकद मोजतं. पट्ट्याने ते खाटेला किंवा खांबाला बांधा. सांध्यापासून यंत्र किती अंतरावर टेकवलं ते सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दोन बोटं वर टेकवलं तरी आकडा बदलतो.

आयसोकायनेटिक मशीनवर मशीनचा आस गुडघ्याच्या आसाशी जुळवा, पायाच्या वजनाची दुरुस्ती चालू ठेवा आणि वेग प्रत्येक वेळी तोच ठेवा.

चढ-उताराला प्रगती समजणं

काहीही न बदलता तोच खेळाडू सोमवारी आणि बुधवारी वेगळे आकडे देतो. झोप, आदल्या दिवसाचा सराव, वॉर्म-अप, चाचणीची वेळ, सगळ्याचा परिणाम होतो. तुमच्याकडे हा फरक नेहमीच दोनेक सेंटिमीटरचा पडत असेल, तर दीड सेंटिमीटरची वाढ साजरी करण्यात अर्थ नाही. तेवढीच घट झाली म्हणून घाबरण्यातही नाही. तीन ते पाच प्रयत्न घ्या आणि सरासरी पाहा. सर्वांत चांगला एकच प्रयत्न उचलून अहवालात टाकण्याचा मोह होतो, तो आवरा.

सुजलेल्या गुडघ्याची परीक्षा घेणं

सांध्यात पाणी साचलेलं असेल तर दुखत नसतानाही मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण ताकदीने आकुंचन पावत नाही. मज्जासंस्थेकडून त्याला आदेशच कमी मिळतो. अशा दिवशी आलेला कमी आकडा वाचून व्यायामाचं वजन वाढवणं म्हणजे उलटा उपचार. आधी सूज तपासा, ती असेल तर चाचणी पुढे ढकला. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा हाताने चाचपून बघा. सूज नव्याने आली असेल तर तो निकालाचाच भाग आहे.

चाचणी फक्त शेवटी घेणं

सहा-सात महिने आकड्यांशिवाय व्यायाम आणि मग एका दिवशी सगळ्या चाचण्या, पास की नापास? इतक्या उशिरा कळलेली उणीव भरून काढायला वेळच उरत नाही. ताकदीच्या टप्प्यापासून दर चार ते सहा आठवड्यांनी मोजा आणि प्रत्येक आकड्यावर एकच प्रश्न विचारा: यामुळे पुढच्या महिन्याच्या व्यायामात काय बदलणार?

कमाल ताकदच कमी असेल तर उड्यांचा हट्ट सोडा. आधी जड वजनाचा व्यायाम. कमाल ताकद आहे पण ती यायला वेळ लागतोय, तर झपाट्याने जोर लावण्याचा सराव हवा. हा दुसरा मुद्दा बरेच जण सोडून देतात. कोणाचा धक्का न लागता एसीएल तुटतं तेव्हा पाय टेकल्यावर साधारण पहिल्या ५० मिलिसेकंदांतच ते घडतं. स्नायूला कमाल जोर गाठायला ३०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून नुसती कमाल ताकद पाहून भागत नाही, सुरुवातीच्या क्षणांतला जोरही पाहावा लागतो. थांबवण्याच्या टप्प्यात पाय मागे असेल तर सावकाश खाली जाण्याचे व्यायाम आणि कमी उंचीवरून उतरून स्थिर होण्याचा सराव द्या.

चाचणी हाच व्यायाम मात्र बनवू नका. रोज तीच उडी घोटली की पाठांतराने मिळालेल्या मार्कांसारखा आकडा फुगतो.

मैदानावर फक्त किलोमीटर मोजणं

जीपीएसवर एकूण अंतर पूर्वीइतकं भरलं म्हणून हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावलेला खेळाडू तयार होत नाही. सगळे किलोमीटर संथ धावून जमवले असतील तर तो स्नायू खऱ्या परीक्षेला बसलेलाच नाही. त्याने स्वतःच्या कमाल वेगाच्या किती जवळ धाव घेतली, किती वेळा आणि कोणत्या आठवड्यात, ते पाहा. गुडघ्याच्या किंवा जांघेच्या दुखापतीत जोरात थांबण्याच्या आणि दिशा बदलण्याच्या वेळा मोजा. एखादी चाचणी दमवणाऱ्या सरावानंतरही घ्या, कारण ताज्या पायाने दिलेला आकडा सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांबद्दल फारसं सांगत नाही.

आकडे आले, मग महिने कशाला मोजायचे?

मोजायचे. २०१६ च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत, परतणं जितके महिने लांबवलं त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. त्याच अभ्यासात परतीचे निकष पूर्ण न करता खेळायला उतरलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली. निकष पूर्ण केलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होतं. पाचव्या महिन्यात सगळे आकडे उत्तम आले तरी ग्राफ्ट आतून पक्का झालाय की नाही, हे कुठलीही प्लेट सांगत नाही.

याच्या उलटही होतं. महिने झाले, आकडे आले, आणि खेळाडू तरीही पाय चोरतो. अशा वेळी एसीएल-आरएसआय ही खेळायला परतण्याची मनाची तयारी मोजणारी १२ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. तिचे गुण ० ते १०० मध्ये निघतात. नुसती बेरीज पाहून थांबू नका, कोणत्या प्रश्नाला सर्वांत कमी गुण दिलेत ते शोधा. पुन्हा दुखापत होईल ही भीती असेल तर त्याला आकड्यांचा आलेख समोर ठेवून पहिल्या महिन्यापासूनचा चढ दाखवता येतो. गुडघा दगा देईल असं वाटत असेल, तर ज्या हालचालीत ते वाटतं ती त्याच्याकडूनच विचारून घ्या. आधी ती संथ आणि ठरवलेल्या दिशेने करून घ्या, मग वेगाने, मग समोर प्रतिस्पर्धी उभा करून, आणि प्रश्नावली तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या.