प्यूजिनचा अभ्यास बिजागरीपासून सुरू करा

गॉथिक पुनरुज्जीवनावर (मध्ययुगीन गॉथिक वास्तुशैली पुन्हा वापरात आणणारी चळवळ) प्रकल्प घेतला की बहुतेक विद्यार्थी टोकदार कमानी मोजत सुटतात. या चळवळीतला इंग्लिश वास्तुकार आणि डिझायनर ऑगस्टस प्यूजिन (१८१२–१८५२) तिथे हाती लागत नाही. १८४१ साली त्याने दोन नियम मांडले: सोय, बांधणी वा औचित्य यांना लागत नाही असं काही इमारतीत नको, आणि सजवायचं ते बांधणीलाच. दाराची बिजागरी हे त्याने स्वतः दिलेलं उदाहरण. मध्ययुगीन बिजागरीची लांब पट्टी फळ्यांवर आडवी जाऊन त्यांना धरून ठेवते, वेलबुट्टी फुटते ती तिलाच. कडेत लपवलेल्या बिजागरीत दाराचा सगळा भार थोड्याशा स्क्रूंवर येतो. वर नुसती शोभेची पट्टी ठोकलेली असेल तर प्यूजिनच्या हिशेबी ते ढोंग.

बट्रेसच्या (भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या बांधकामाच्या) माथ्यावरचा सुळकाही असाच तपासा. तो पावसाचं पाणी झटकतो, शिवाय त्याच्या वजनाने कमानीचा बाहेरचा रेटा खाली वळायला मदत होते. एलेव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या बाजूच्या आराखड्यात) हे कळत नाही, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढावाच लागतो.

श्रेय लिहिताना हमखास चूक होते. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याचे (ब्रिटिश संसदेच्या इमारतीचे) वास्तुकार चार्ल्स बॅरी. आतलं लाकूडकाम, भिंतीवरचे कागद, फरशा, धातुकाम यांची डिझाइन्स प्यूजिनची. अख्खा प्यूजिन पाहायचा तर इंग्लंडमधलं चीडलचं सेंट जाइल्स चर्च (१८४६) किंवा रॅम्सगेटचं त्याचं स्वतःचं घर घ्या.

मुंबईत सराव करायचा तर विद्यापीठाची राजाबाई टॉवरची इमारत आहे. तिचा वास्तुकार गिल्बर्ट स्कॉट प्यूजिनच्या लेखनाने भारावलेला होता (भारतात मात्र तो कधी आलाच नाही). परवानगी काढा. मापं तुकड्यातुकड्याने नकोत; टेप एकाच शून्यावर धरून सलग वाचा, नाहीतर बारीक चुका साठत जातात. खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, कोपरे काटकोनात आहेत असं गृहीत धरू नका. मोल्डिंगचा (कोरीव कडेच्या पट्टीचा) छेद प्रोफाइल गेजने (आकार टिपून घेणाऱ्या सरकत्या पिनांच्या साधनाने) घेऊन पूर्ण मापात काढा.

प्यूजिनने मिंटन या इंग्लिश फरशी-चिनीमाती कंपनीसाठी आखलेल्या फरशांत नक्षी रंगवलेली नसते. ओल्या मातीत साच्याने खाचा उठवून त्यात दुसऱ्या रंगाच्या मातीचा घोळ ओततात, सुकला की वरचा थर खरवडतात, मग भाजतात. दोन मातींचं आकुंचन जुळलं नाही तर भरलेला भाग तडकतो किंवा सुटून येतो. जमलेल्या फरशीचा पृष्ठभाग झिजला तरी नक्षी उरते, कारण रंग आतपर्यंत असतो.