सातबारावर नाव होतं, पण चुकीच्या रकान्यात

मालक गेले तेव्हा वारस नोंद सासऱ्यांनीच केली. 'तुझंही नाव लागलंय,' म्हणाले. मीही कागद बघितला नाही, ही चूक माझीच.

दोन वर्षांनी पीककर्जाला गेले तर बँकेतला माणूस म्हणाला, "ताई, या जमिनीच्या तुम्ही खातेदार नाही." सातबारा उलटासुलटा करून पाहिला. भोगवटादारात, म्हणजे जमीन ज्याची त्याच्या रकान्यात, फक्त माझ्या मुलाचं नाव. आणि मी? उजवीकडं 'इतर हक्क'मध्ये, सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याखाली! विहिरीचा हिस्सा लिहितात त्या जागी.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा ही मुलाइतकीच पहिल्या वर्गाची वारस. मग भांडायच्या आधी वारसाच्या फेरफाराची, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीची, नक्कल काढली. फेरफाराचा नंबर सातबारावरच असतो. त्यात आम्हा मायलेकरांची नावं वारस म्हणून शेजारीशेजारी होती, घोळ सातबारावर उतरवताना झालेला. त्यामुळं अपिलात जावं लागलं नाही. महसूल संहितेच्या कलम १५५खाली लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडं दिला. सोबत फेरफार, सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, मृत्यूचा दाखला. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली; ती नसती तर पुढच्या चार हेलपाट्यांत कुणी ओळखही दिली नसती.

दीर म्हणत होते, "कशाला, पोरगा तुझाच आहे की." पोरगा माझाच, पण कर्ज कोण देणार?

नवा सातबारा आला तो आधी रकाना बघूनच घेतला. आता जावेचा काढायला टाकलाय.