शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ व्हायचे असेल तर

रुग्णालयात ज्यांना सगळे ‘ओटी टेक्निशियन’ म्हणतात, त्यांचे काम बाहेरून पाहणाऱ्याला साधने हातात देण्यापुरतेच वाटते. प्रत्यक्षात रुग्ण आत येण्यापूर्वी टेबल, दिवे, सक्शन (रक्त व द्रव ओढून घेणारे यंत्र), कॉटरी (विजेने ऊती कापणारे व रक्तस्राव थांबवणारे यंत्र) आणि भूल देण्याचे यंत्र तपासण्यापासून तो बाहेर गेल्यावर साधने धुऊन पुन्हा निर्जंतुकीकरणाला लावण्यापर्यंत सारे त्यांच्याकडे असते. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत साधने देण्यासाठी बहुधा परिचारिका स्क्रब होते, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाउन-हातमोजे घालते, आणि तंत्रज्ञ यंत्रे, रुग्णाची टेबलावरील स्थिती व सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र सांभाळतो. लहान नर्सिंग होममध्ये मात्र दोन्ही कामे एकाच माणसावर येतात, म्हणून दोन्ही शिकूनच बाहेर पडावे.

बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ ही स्वतंत्र शाखा असून तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची आंतरवासिता करावी लागते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केल्यापासून या कामाला देशपातळीवर व्यवसाय म्हणून ओळख मिळाली आहे. ‘पाहून पाहून शिकलेला माणूस’ पुरेसा आहे, हे मत मला कधीच पटलेले नाही. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा संलग्न रुग्णालय पाहावे, तिथे रोज किती शस्त्रक्रिया होतात आणि विद्यार्थ्याला टेबलाशी उभे राहू देतात की केवळ कोपऱ्यातून पाहायला लावतात, हे शिकत असलेल्या मुलांनाच विचारावे.

सुरुवातीचे महिने साधनांना द्यावेत. आर्टरी फोर्सेप्स, अ‍ॅलिस, बॅबकॉक, कोकर या चिमट्यांतला फरक टोकावरून ओळखता आला पाहिजे. तीन नंबरच्या बीपी हँडलला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीच्या मुठीला, १०, ११ आणि १५ नंबरची पाती बसतात, चार नंबरच्या हँडलला २० पासून पुढची; टाक्यांच्या धाग्यात शून्ये वाढतात तसा धागा बारीक होतो, म्हणजे ३-० पेक्षा ५-० नाजूक. मेट्झेनबाम कात्री ऊतींसाठी असते, तिने धागा कापल्यास धार जाते, आणि ती गेल्याचे नेमके नाजूक जागी लक्षात येते.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण करणाऱ्या यंत्रात, वाफ जिथे पोहोचत नाही तिथे निर्जंतुकीकरण होत नाही, एवढे एक तत्त्व समजले की बाकीचे नियम आपोआप सुचतात. साधनांचे खटके उघडे ठेवायचे, वाळलेले रक्त आधी ब्रशने काढायचे, गठ्ठे दाटीने भरायचे नाहीत, आणि १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला ठरलेला वेळ पूर्ण होऊ द्यायचा. गठ्ठ्यावरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे गठ्ठा त्या फेरीतून गेला, एवढेच कळते. जंतू खरोखर मेले की नाही हे बीजाणूंच्या जैविक चाचणीवरून पाहतात. ओला निघालेला गठ्ठा वापरायचा नाही.

स्क्रब झाल्यावर हात कोपरांपेक्षा वर ठेवायचे, म्हणजे पाणी बोटांकडे परतत नाही. गाउन पुढून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतच निर्जंतुक मानतात, पाठ कधीच नाही. हातमोजा निर्जंतुक नसलेल्या कशाला तरी लागला अशी शंका आली तर कोणी पाहिले की नाही याचा विचार न करता तो बदलावा, आणि शल्यचिकित्सकाचा हात तसा लागल्याचे दिसले तर त्यांना तसे स्पष्ट सांगावे. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे बोलणे फार जड जाते, म्हणून शिकवणाऱ्यांनी ते मुद्दाम बोलवून घ्यावे. कॉटरीची प्लेट मांसल, कोरड्या जागी पूर्ण चिकटवावी, आणि त्वचेला लावलेले स्पिरिट वाळल्याशिवाय चादरी घालू नयेत, कारण ठिणगीने ते पेट घेते.

मात्र या कामाचा गाभा मोजणीत आहे. रक्त टिपायचा कापडी मॉप भिजून पोटात आतड्यांच्या मागे गेला की हाताला आणि डोळ्याला ऊतीसारखाच भासतो. त्यामुळे आठवणीवर विसंबता येत नाही. छेद घेण्यापूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवण्यापूर्वी दोघांनी मोठ्याने, एकेक सुटे करून मॉप, गॉज, सुया आणि साधने मोजायची व आकडा फळ्यावर लिहायचा. मध्येच माणूस बदलला तर पुन्हा मोजायचे. गॉज कापून तुकडे करायचे नाहीत आणि आत वापरायचा मॉप क्ष-किरणात दिसणाऱ्या धाग्याचाच घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा तपासणी यादीतही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी पूर्ण झाल्याचे मोठ्याने सांगायचे असते.

आकडा जुळला नाही तर लगेच सांगावे, शिवण थांबवावी, बादली, चादरींच्या घड्या, टेबलाखालची जमीन, चपलांचे तळवे पाहावेत, आणि तरीही मिळाले नाही तर टेबलावरच क्ष-किरण काढण्यास सुचवावे. वेळ जाईल, कोणी रागावेलही, पण चुकलेला आकडा जुळवून लिहायचा नाही. सुया आणि पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, भिजलेले मॉप पिवळ्या पिशवीत जातात; परंतु शेवटची मोजणी होऊन रुग्ण बाहेर जाईपर्यंत यांतली एकही पिशवी खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही, सफाईच्या मावशी दाराशी थांबल्या असल्या तरीही.