संगणकशास्त्र आणि लर्निंग सायन्सेस एकत्र शिकायला जाण्याआधी: तयारीची यादी

ही यादी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्यांसाठी आहे. बीसीए-एमसीए करून वर्ष-दोन वर्षं नोकरी केलेल्या आणि ‘माणूस शिकतो कसा’ या प्रश्नाने पछाडलेल्यांसाठीही आहे. लिहिताना दोन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एक पवई, जिथे आयआयटी मुंबईत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते. दुसरं शिकागोजवळचं इव्हान्स्टन. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात संगणकशास्त्र आणि लर्निंग सायन्सेस (म्हणजे माणूस शिकतो कसा, याचा अभ्यास) यांची संयुक्त पीएचडी आहे आणि विद्यार्थी इंजिनिअरिंग व शिक्षण अशा दोन्ही विभागांचा असतो. दोन्हीकडचे अर्ज वेगळे असले, तरी मनाची आणि हाताची तयारी बरीचशी सारखीच लागते.

आपल्याकडून जाणाऱ्यांची कोडिंगची बाजू सहसा पक्की असते. डेटा स्ट्रक्चर्स झालेले असतात, एखादं ॲपही बनवलेलं असतं. दुसऱ्या बाजूला मात्र ‘मला शिकवायची आवड आहे’ एवढंच भांडवल असतं, आणि तेवढं पुरत नाही. शिकणं हा अभ्यासाचा विषय आहे. त्याला स्वतःच्या पद्धती आहेत, वाद आहेत, मोजमापं आहेत. म्हणून या यादीतला मोठा वाटा त्या बाजूचा आहे.

पहिलं काम असं, की शिकणाऱ्या एका माणसाशेजारी बसा आणि शिकवू नका. पहिल्या वर्षाचा एखादा ज्युनिअर गाठा, त्याला कागदावर तीन ओळी लिहून द्या: क = ५, मग ख = क, मग क = ७. आता विचारा, ख किती? ‘पाच’ म्हणणारे भेटतील, तसे ‘सात’ म्हणणारेही भेटतील. सात म्हणणाऱ्याला लगेच सुधारू नका. ‘कसं काय?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. तो म्हणेल, ‘ख म्हणजे क-च ना सर, मग क बदलला की ख पण बदलणार.’ शाळेत दहा वर्षं ‘बरोबर’ची (=) खूण त्याने दोन बाजू सारख्या असतात या अर्थानेच वापरली आहे. मूल्य उचलून पेटीत ठेवणं, हा तिचा नवा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो. आता पायथॉनमध्ये आकड्यांऐवजी यादी घ्या, ख = क लिहा आणि क-मध्ये एक नवा घटक जोडा. ख-मध्येही तो दिसतो. म्हणजे ज्या तर्काला आपण चूक म्हणून खोडणार होतो, तो तर्क दुसऱ्या जागी बरोबर ठरतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विद्यार्थ्याच्या चुकीकडे बघण्याची नजर बदलते. संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या अशा गैरसमजांवर लिहिलं. संगणकाच्या आत एक समजूतदार मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं, असं नवशिक्यांनी नकळत धरून चाललेलं असतं, हे त्यांचं निरीक्षण आजही कुठल्याही लॅबमध्ये पडताळून पाहता येतं.

अशा बैठकांची वही ठेवा. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे टिपा. ‘त्याला लूप समजला नाही’ हे तुमचं मत झालं. ‘तो म्हणाला, आय (i) परत एकवर येतो’ ही नोंद झाली. नोंद आणि मत यांना वहीत वेगवेगळे रकाने ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या. पुढे मुलाखतींचं विश्लेषण करताना सगळं काम यावरच उभं राहतं.

वाचनाला उशीर करू नका. सुरुवात गणितज्ञ आणि शिक्षणविचारवंत सेमूर पॅपर्ट यांच्यापासून करा. वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तिथे या दोन विद्यांची गाठ पहिल्यांदा नीट पडलेली दिसते. मग १९९१ कडे या. त्या वर्षी लर्निंग सायन्सेसचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं आणि पहिली आंतरराष्ट्रीय परिषद नॉर्थवेस्टर्नमध्येच भरली. १९९२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲन ब्राऊन यांनी प्रयोगशाळेतून उठून खऱ्या वर्गात जाऊन, आखणी बदलत बदलत संशोधन कसं करायचं ते मांडलं. तो लेख दोनदा वाचा. एकदा नुसता, आणि दुसऱ्यांदा आपल्या तालुक्याच्या एखाद्या वर्गात हे कसं जमेल, असा विचार करत. जाडजूड सिद्धान्तग्रंथांच्या मागे आत्ता लागू नका, त्यासाठी कोर्सवर्क आहेच.

हात चालवायला नेटलोगो हे मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर घ्या. नॉर्थवेस्टर्नच्या युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये ते तयार केलं, फुकट मिळतं आणि साध्या मशीनवर चालतं. त्याच्या संग्रहात जंगलातल्या वणव्याचं एक मॉडेल आहे. झाडांची दाटी ठरवणारी एक पट्टी सरकवायची आणि डाव्या कडेने लागलेली आग कुठवर पोचते ते बघायचं. दाटी ५५ टक्के असेल तर आग थोड्याच वेळात विझते. ६५ टक्क्यांना जवळपास सगळं जंगल काळं होतं. मधे ५९ टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा आहे, तिथे निकाल प्रत्येक वेळी वेगळा येतो. नववीतल्या मुलीला ही पट्टी हातात द्या, पण चालवण्याआधी अंदाज लिहायला सांगा. बहुतेक अंदाज सरळ रेषेतले असतात: झाडं थोडी वाढली, तर आगही थोडीच वाढणार. अंदाज चुकतो त्या क्षणी ती आपणहून पुन्हा चालवते. त्यानंतरच कोड उघडा आणि प्रत्येक झाडाला दिलेला नियम किती लहान आहे ते तिला दाखवा. या क्षेत्रात संगणक नेमका कशासाठी हवा, याचं मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

गणिताच्या बाजूला संख्याशास्त्र उजळा. डीप लर्निंगचा कोर्स नंतरही करता येईल. आधी कॉर्बेट आणि अँडरसन यांचं १९९५ चं ज्ञान-मागोवा (नॉलेज ट्रेसिंग) मॉडेल कागदावर सोडवा. मुलाच्या उत्तरांवरून त्याला कौशल्य येत असण्याची शक्यता ते मोजतं. समजा, एखादं कौशल्य मुलाला येत असण्याची शक्यता ०.४ आहे, न येता अंदाजपंचे बरोबर येण्याची ०.२ आणि येत असून हात चुकण्याची ०.१. त्याने उत्तर बरोबर दिलं. येऊन बरोबर म्हणजे ०.४ गुणिले ०.९, म्हणजे ०.३६. न येता बरोबर म्हणजे ०.६ गुणिले ०.२, म्हणजे ०.१२. ०.३६ भागिले ०.४८, म्हणजे ०.७५. प्रत्येक संधीला शिकण्याची शक्यता ०.२ धरली, तर उरलेल्या ०.२५ मधले ०.०५ मिळून आकडा ०.८ होतो. आता स्वतःला विचारा, एका बरोबर उत्तरावर चाळिसाचे ऐंशी झाले, हे त्या मुलाशेजारी बसलेल्या तुम्हाला पटतं का? हा प्रश्न पडायला लागला की पुढचं गणित आपोआप गोडीने होतं. सोबत कोहेनचा कप्पा (kappa) हा आकडाही शिकून ठेवा. एकच मुलाखत दोघांनी स्वतंत्रपणे वाचून वर्गीकरण केलं, तर त्यांचं जुळणं योगायोगापलीकडे किती आहे, ते त्यातून कळतं.

परवानगीचं काम कंटाळवाणं वाटेल, पण ते टाळू नका. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, तिन्ही घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या डेटासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. संशोधनाच्या पुढच्या टप्प्यावर विद्यापीठाची नीतिसमिती हे सगळं विचारणारच. संमतीपत्र मराठीत आणि आजीलाही वाचता येईल अशा भाषेत लिहा. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जाणार नाही, हे शिक्षकांशी आधीच बोलून घ्या.

शहरात वाढला असाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत काही दिवस काढा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. पण कोड स्कॅन करायचा फोन घरात एकच असेल आणि तो वडिलांबरोबर शेतावर जात असेल, तर अभ्यास किती वाजता सुरू होतो, हे जाऊनच कळतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल याच दृष्टीने बघा. छोटे व्हिडिओ, मराठीतही आवाज, इंटरनेटशिवाय चालण्याची सोय, आणि बघता बघता शेजारच्या खिडकीत करून पाहण्याची रचना. यातला प्रत्येक निर्णय कुणासाठी घेतला असेल, त्याचा एक पानभर विचार लिहून काढा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज विद्यापीठात लवकर टाका. परदेशी अर्जांच्या मुदती साधारण डिसेंबरच्या आसपास संपतात, म्हणजे दिवाळीपर्यंत उद्देशपत्राचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज) कच्चा खर्डा झालेला असावा. शिफारसपत्रं देणाऱ्यांत एक तरी व्यक्ती अशी हवी, जिने तुम्हाला शिकणाऱ्यांसोबत काम करताना पाहिलंय. पवईसाठी गेट-नेटच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. घरचे ‘मग बीएडच का नाही करत?’ असं विचारतील, तेव्हा शांतपणे समजावून सांगा, की बीएड उत्तम शिक्षक घडवण्यासाठी असतं आणि इथे शिकण्यावर संशोधन करायचं आहे.

उद्देशपत्रात ‘एआयने शिक्षणात क्रांती’ असलं वाक्य असेल तर काढून टाका. त्या जागी वहीतला एक मुलगा, त्याचा एक शब्दशः प्रश्न आणि त्यावरून तुम्हाला पडलेला प्रश्न लिहा.

मुलाखतीची तयारी एका प्रश्नाभोवती करा: तुम्ही बनवलेल्या गोष्टीमुळे मूल शिकलं, हे कशावरून? ‘मुलांना आवडलं’ हे उत्तर चालणार नाही. आधीची चाचणी, नंतरची चाचणी, साधन न वापरलेला तुलनेचा गट, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलेली चाचणी, आणि त्यात आधी कधीच न दिसलेल्या प्रकारचं एक गणित, एवढं सांगता आलं पाहिजे. वहीतल्या त्याच तीन ओळी घेऊन अशी चाचणी स्वतः तयार करा, चार-पाच ज्युनिअरना द्या, आणि उत्तरपत्रिका मुलाखतीला सोबत न्या.